शेक संपला, पण पोटाचे काय?

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेली बाई पुण्याला किंवा मुंबईला उपचार पुरे करून घरी परतते, तेव्हा साऱ्या घराच्या जिवात जीव येतो. देवापुढे नारळ फुटतो. शेजारपाजारच्या बायका भेटून जातात. ‘आता सगळं बरं आहे ना?’ या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणते. पण पुष्कळ घरांतून या ‘हो’च्या मागे एक दुखणे दडलेले असते. दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे जावे लागते. लागली की दम धरवत नाही. वारा सरताना लुगडे खराब होते. कधी शौचातून आव पडते, कधी रक्ताचे डाग दिसतात. हे कुणाला सांगायचे? नवऱ्याला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच, आणि डॉक्टरांपुढे बसले की तेवढेच नेमके सांगायचे राहून जाते.

भगिनींनो, या लेखात याच न सांगितलेल्या दुखण्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. हे दुखणे उपचारातून आलेले आहे. त्यात पाप नाही, करणी नाही आणि बाईचा काही दोषही नाही. ते सांगितले तर त्यावर पुष्कळ इलाज आहेत. लपवले तर मात्र माणूस त्यापायी आतून झुरत जाते.

शिरूर-दौंडकडच्या वाचकांना याची अडचण लगेच कळेल. शिक्रापूरहून पुणे सुमारे ४० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर अंतर फार नाही. पण नगर रोडला वाघोलीच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागली की एस.टी. एका जागी किती वेळ उभी राहील याचा नेम नसतो. ज्या बाईला पाच मिनिटे धरवत नाही, तिने त्या गाडीत बसायचे कसे? मग ती तपासणीची तारीख चुकवते. माहेरचे लग्न टाळते. आठवड्याच्या बाजाराला सुनेला पाठवते. कांदा काढणीला बायकांच्या टोळीत जायचे सोडते. जावेच लागले तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहते. रोगातून वाचलेली बाई अशी घराच्या उंबऱ्यातच अडकून पडते.

शेकाने आतड्याला बाधा का होते?

किरणोपचाराला आपल्याकडे कुणी ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट देणे’ म्हणतात. त्यात विस्तव नसतो की वीज अंगात सोडलेली नसते. यंत्रातून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण रोगाच्या जागेवर सोडतात. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी बाहेरून शेक साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, असा सुमारे ५ आठवडे देतात. त्याशिवाय काही वेळा आतून शेक देतात. पुरुषांत पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाला आणि गुदाशयाच्या कर्करोगालाही ओटीपोटावर किरण देतात. तेव्हा पुढे सांगितलेले पुष्कळसे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांनाही लागू आहे.

गर्भाशय, त्यापुढे लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय हे सारे अवयव एकमेकांना खेटून असतात. लहान आतड्याची वेटोळीही वरून तिथे उतरलेली असतात. तणावर औषध फवारताना वाऱ्याने थोडे उडून शेजारच्या पिकावर पडावे, तसे काही किरण शेजारच्या आतड्याला लागतातच. आतड्याचे आतले अस्तर फार कोवळे असते. ते दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते. किरणांचा मारा अशा भराभर वाढणाऱ्या पेशींना आधी बसतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. आतून दिलेल्या शेकातही किरण देणारी वस्तू उपचार झाल्यावर सहसा काढून घेतात. तेव्हा अशा आजीजवळ नातवंडाला झोपवू नये, तिचे ताट वेगळे ठेवावे, असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

त्रासाचे दोन काळ

पहिला काळ उपचार चालू असतानाचा. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पोट बिघडते. जुलाब होतात, मुरडा येतो, गुदद्वाराशी आग होते. शेक संपल्यावर काही आठवड्यांत अस्तर पुन्हा धरते आणि बहुतेकींचा हा त्रास ओसरतो.

दुसरा काळ उशिराचा. तो कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, तर कधी त्याहूनही कितीतरी उशिरा सुरू होतो. इथे घोटाळा होतो. ‘शेक घेऊन तीन वर्षे झाली, आता त्याचा काय संबंध?’ असे वाटते. पण संबंध असू शकतो. किरणांमुळे आतड्याच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात. ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदत गेल्या की झाडे एकदम वाळत नाहीत, एखाद्या हंगामाने ती खुरटलेली दिसतात. तसेच हे आहे. रक्त कमी पोचल्याने आतड्याची भिंत ताठर होते. गुदाशयाची मळ साठवून धरण्याची शक्ती घटते, म्हणून थोडासा मळ उतरला तरी घाई होते. वर नव्याने फुटलेल्या नाजूक रक्तवाहिन्या जरा धक्का लागताच पाझरतात.

शौचाची प्रत्येक तक्रार शेकामुळेच असते असेही नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी पोट ढिले होते. जंत, दूषित पाणी, थायरॉईड, ही कारणेही असू शकतात. म्हणून आपल्या मनाने निदान न करता तपासणी करून घ्यावी.

शेक चालू असताना काय करावे?

शेक देण्यापूर्वी काही ठिकाणी पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवायला सांगतात. बाया कंटाळून यात कसूर करतात. पण भरलेली पिशवी आतड्याला वर ढकलते आणि किरणांच्या वाटेतून काही अंशी दूर ठेवते. तेव्हा सांगितलेले तंतोतंत पाळावे.

जुलाब लागले तर खाणे बंद करू नये. मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, भाताची पेज, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, मऊ शिजवलेले अंडे असे थोडे थोडे पाच-सहा वेळा घ्यावे. ठेचा, तर्रीची आमटी, तळलेले पदार्थ, हरभरा, वाल, कच्चा कांदा आणि जाड बाजरीची भाकरी तेवढ्या दिवसांपुरती बाजूला ठेवावी. या काळात दूध पुष्कळांना बाधते. दुधाऐवजी पातळ ताक किंवा दही सोसते का ते पाहावे.

पाण्याची तूट भरून काढणे सर्वांत महत्त्वाचे. सरकारी दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मिळते. ती नसली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोट घोट प्यावे. मीठ अंदाजाने टाकू नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. जुलाब थांबवण्याच्या गोळ्याही शेक देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून घ्याव्यात. ताप असताना किंवा रक्त पडत असताना मेडिकलमधून परस्पर गोळी आणून गिळणे धोक्याचे आहे.

नंतर बरीच वर्षे राहणारा त्रास

उपचार संपल्यावर काही बायका जन्मभर पेज-भातावरच राहतात. हेही बरोबर नाही. एकेक पदार्थ दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा सुरू करावा. कोणता सोसला, कोणता बाधला, याची नोंद नातवाच्या जुन्या वहीत ठेवावी. दिवसातून किती वेळा जावे लागले, रात्री उठावे लागले का, रक्त किंवा आव दिसली का, हेही त्यात लिहावे. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली की तोंडाने सांगायची लाज निम्मी कमी होते आणि डॉक्टरांचेही काम सोपे होते.

या नोंदीतून डॉक्टरांना कारणाचा माग लागतो, आणि प्रत्येक कारणाचा इलाज निराळा असतो. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे आणि ओतूनही न जाणारे होत असेल, तर पित्तरस आतड्यात शोषला जात नसण्याचा संभव असतो. त्यावर तो पित्तरस बांधून ठेवणारे औषध मिळते. पोट सारखे फुगत असेल, गुडगुडत असेल, तर लहान आतड्यात जंतू माजलेले असू शकतात. त्यावर नेमक्या औषधाचा ठरावीक दिवसांचा क्रम देतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इजा झाली असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. माळकरी घरांत, जिथे मांस-अंडी वर्ज्य असतात, तिथे ते आधीच कमी असू शकते. थकवा, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे असतील तर रक्त तपासून घ्यावे. त्यावर इंजेक्शने आहेत.

काहींना ईसबगोलाच्या भुशीने मळ बांधला जातो व घाई कमी होते. ते थोड्या प्रमाणात, पुरेशा पाण्याबरोबर घ्यावे. मात्र पोटात कळा येऊन उलटी होत असेल किंवा आतडे अरुंद झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर मुळीच घेऊ नये.

आणखी एक गोष्ट मिश्रीची. ‘मिश्री लावल्याशिवाय परसाकडे होत नाही,’ असे आपल्या बायका सांगतात, ते उगाच नाही. तंबाखूने आतड्याची हालचाल वाढते. पण ज्या बाईचे आतडे आधीच घाई करते, तिने त्यात मिश्रीची भर का घालावी? विडी किंवा तंबाखू ओढणाऱ्यांना तर शेकाचे उशिराचे दुष्परिणाम जास्त होतात. कर्करोगानंतर तंबाखू सुटलीच पाहिजे. ती सोडण्याचे हे आणखी एक कारण.

रक्त दिसले तर मूळव्याध समजू नका

हा भाग नीट वाचावा. शेक घेतल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी शौचाबरोबर रक्त दिसले की घरचे म्हणतात, ‘मूळव्याध असेल.’ मूळव्याध-भगंदराच्या पाट्या तर रस्त्याने जाता-येता दिसतातच. मग बाई तिथे जाते आणि शेकाची गोष्ट सांगत नाही. कोणी इंजेक्शन देतो, कोणी क्षार लावतो, कोणी कापतो. किरण लागलेली जागा ही रक्तपुरवठा कमी झालेली जागा असते. तिथे केलेली जखम सहजी भरून येत नाही, चिघळते. भिंतीला भोक पडून शौच योनीवाटे येऊ लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

यास्तव रक्त दिसले तर जिथे शेक घेतला तिथे किंवा पोटाच्या तज्ज्ञाकडे जावे. ते दुर्बिणीतून आत पाहतात. त्यांनाही आधीच सांगावे की ओटीपोटावर शेक झालेला आहे, म्हणजे गुदाशयाच्या त्या नाजूक भागाचा तुकडा ते विनाकारण काढणार नाहीत. रक्त थोडे असेल आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर बद्धकोष्ठ होऊ न देणे एवढेच कधी कधी पुरते. जास्त असेल तर सुक्राल्फेट हे औषध एनिम्याने आत देतात. पाझरणाऱ्या जागा दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने बंद करतात, किंवा तज्ज्ञ डॉक्टर मोजक्या प्रमाणात फॉर्मालिन लावतात. हे सारे इस्पितळातच करायचे उपाय आहेत.

रक्त म्हणजे रोग परत आलाच, असे समजून हाय खाऊ नये. पण तो परत आलेला नाही, असे घरबसल्या ठरवूही नये. तपासणीनेच ते कळते.

मुंबईत झालेला एक अभ्यास

हे दुखणे आपल्याकडच्या डॉक्टरांनी गंभीरपणे घेतले आहे. टाटा मेमोरियल सेंटरने २०११ ते २०१९ या काळात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या आणि नंतर शेकाची गरज असलेल्या ३०० स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. सुप्रिया चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२१ साली प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना नेहमीच्या पद्धतीने शेक दिला. काहींना रोज चित्र पाहून, किरणांचा जोर जागोजागी कमीजास्त करून, आतडे वाचवत शेक दिला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४२ जणींना मध्यम किंवा त्याहून जास्त असा आतड्याचा उशिराचा त्रास झालेला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरात सुमारे २१ इतके, म्हणजे निम्मे होते. रोग आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच उतरल्या.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ज्यांचा शेक अजून व्हायचा आहे, त्यांनी ‘आतडे वाचवणारी नवी पद्धत माझ्या रोगाला चालेल का, आणि ती इथे आहे का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. पण तिच्यासाठी उपचार लांबणीवर टाकू नये. रोग थांबून राहत नाही. ज्यांचा शेक होऊन गेला, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की आपण एकट्या नाही. आपल्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

धरवत नाही, त्यावर काय?

गुदद्वाराभोवतीचे स्नायू व्यायामाने बळकट होतात. वारा अडवताना जसे आत ओढून धरतो, तसे ओढून पाच आकडे मोजावेत, मग सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट किंवा मांड्या आवळू नयेत, श्वास कोंडू नये. बसून, पडून, भाकरी थापतानाही हे करता येते, कुणाला कळतही नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

सकाळी चहा-न्याहारीनंतर आतडे आपोआप हलते. म्हणून न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी शौचाला बसण्याची सवय लावावी. फार वेळ कुंथत बसू नये. कोमट पाण्याने धुवावे, मऊ सुती फडक्याने हलकेच टिपून घ्यावे, आणि आग होत असेल तर पेट्रोलियम जेली लावावी. गुडघे धरले असतील तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची घ्यावी. ज्या घरात असे माणूस आहे तिथे शौचालय घराजवळ आणि रात्री दिवा असलेले हवे.

प्रवासाला निघताना उपाशी राहू नये. निघण्यापूर्वी दोन तास आधी हलके खावे आणि एकदा जाऊन यावे. घडी घातलेले जुने फडके किंवा पॅड लावावे. पिशवीत एक लुगडे, पाण्याची बाटली, साबण आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. गाडीत दाराजवळची जागा घ्यावी आणि वाहकाला आधीच सांगून ठेवावे. लांबच्या प्रवासाच्या दिवशी घ्यायची गोळी डॉक्टरांकडून विचारून ठेवावी. एस.टी.त कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, तिचे कागदही करून घ्यावेत. शेतात जायचे तर बांधाजवळचे, घरालगतचे काम धरावे. संगतीच्या एका बाईला विश्वासात घ्यावे. एकीला माहीत असले म्हणजे बाकीचा दिवस सोपा जातो.

घरच्यांनी काय करावे?

‘सारखी काय तिकडं पळतेस?’ असा एक टोमणा बाईला आठवडाभर गप्प करतो. नवऱ्याने तपासणीला तिच्याबरोबर जावे, आणि तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे असेल तर बाहेर थांबावे. लेकीने किंवा सुनेने आपण होऊन विचारावे, ‘आई, पोटाचा काही त्रास होतो का? रात्री उठावं लागतं का?’ सरळ आणि हळू विचारले की सांगणे सोपे होते. गावातल्या आशाताईंना सांगितले तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत वाट दाखवतील.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. पोट फुगून उलट्या होणे आणि वारा व शौच दोन्ही बंद होणे. रक्त जास्त जाऊन चक्कर येणे. थंडी वाजून ताप येणे. शौच किंवा वारा योनीवाटे येणे. काही न करता वजन झपाट्याने उतरणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. वजनाचे दुखणे असेल तर निदान त्याच आठवड्यात दाखवावे.

शेवटी एका कागदाची गोष्ट. शेक संपल्यावर इस्पितळातून जे कार्ड मिळते, त्यात किरण कोठे, किती आणि कोणत्या तारखांना दिले ते लिहिलेले असते. सात-बाराचा उतारा जपतो तसे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपून ठेवावे. आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी गावातल्या दवाखान्यात गेलात तरी, आधी एक वाक्य सांगावे: ‘माझ्या ओटीपोटावर शेक झालेला आहे आणि तेव्हापासून मला शौचाचा त्रास आहे.’ तोंडाने सांगायला जड जात असेल तर हेच वाक्य चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्यावे.